७२च्या दुष्काळातला तलाव काठोकाठ भरलाय अन् भरावाच्या खालून पाणी येतंय, काय करावं?

बालाघाटी
राम राम मंडळी. आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. नाव लिहीत नाही, उगा गावात बोंब होते. गावाच्या वर मातीचा तलाव हाये, ७२च्या दुष्काळात काम निघालं होतं. आजी अजून सांगते, सुकडी खाऊन पाट्या वाहिल्या म्हणून. भराव १३ मीटर उंच, लांबी चारशे-साडेचारशे मीटर असंल, पाटीवर ४५ दलघफू (दशलक्ष घनफूट) साठा लिहिलेला होता, ती पाटी पण आता गंजून खाली पडलीय.

तर चार-पाच वर्षांनी यंदा तलाव भरला, सांडव्यावरून पाणी जाऊन आठ दिवस झाले, गावात नारळ बिरळ फोडून झाले. परवा म्हैस भरावाच्या पायथ्याला चरायला सोडली तर तिचा मागचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, चौघांनी मिळून काढली. बघितलं तर सगळी जमीन लोण्यासारखी झालीय अन् दगडांच्या सांदीतून पाणी झिरपतंय. मग वर चढून बघितलं तर उतारावर पण, माथ्यापासून तीनेक मीटर खाली, एका बाभळीजवळ ओल दिसली, तिथलं गवत बाकीच्यापेक्षा हिरवंगार.

गावात दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते काय होत नाही. दुसरी म्हणते जेसीबी लावून त्या ओलीवर काळी माती टाकून दाबून घ्या, एक जण तर दोन ट्रॅक्टर माती फुकट द्यायला तयार हाये. ऑफिसला फोन केला तर म्हणले साहेब मीटिंगला. आमचं घर बरोबर नाल्याच्या काठाला हाये अन् रात्री झोप लागंना. माती टाकावी का?

(अजून एक, पोरांनी सांडव्यावर दीड फूट वाळूच्या गोण्या रचल्यात पाणी जास्त थांबावं म्हणून, त्यामुळं उन्हाळ्याला फायदा होईल, तेवढं एक चांगलं काम झालं.)

वावर_बांध
भाऊ मातीचं धरण हाये ते, पाझरणारच. आमच्या इथला पाझर तलाव तर नावातच पाझर हाये 😄 पन्नास वर्षं काय झालं नाही तर आता काय होतंय. झोपा निवांत.

सेक्शनवाला
बालाघाटी, माती टाकू नका. आधी एवढंच वाचा आणि त्या ट्रॅक्टरवाल्याला फोन करून थांबवा, मग पुढचं वाचा.

मी पाटबंधारे खात्यात सेक्शन सांभाळून रिटायर झालोय, लहान-मोठ्या मातीच्या धरणांवर ३१ वर्षं गेली. वावर_बांध म्हणतात ते अर्धं खरं आहे. मातीच्या धरणातून पाणी झिरपतंच, ते थांबवायचं नसतं, त्याला वाट करून द्यायची असते. भरावाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा असतो, बाहेरून मुरमाचं आवरण आणि खालच्या अंगाला पायथ्याशी दगडांचा रॉक टो. गाभ्यातून जे थोडं पाणी येतं ते खालच्या दगडातून बाहेर पडून टो ड्रेनने, म्हणजे पायथ्याच्या चरीने, नाल्याला लागावं अशीच रचना असते. तुम्ही त्या तोंडावर काळी माती दाबली तर पाणी थांबत नाही, आतल्या आत फुगतं, भराव पाणी पितो, जड होतो आणि दुसरीकडून कुठून तरी फुटायला जागा शोधतो. चांगल्या मनाने केलेलं हे काम फार घात करतं, मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हशीचा पाय जिथे गेला ती जागा मला कमी काळजीची वाटते. बहुतेक टो ड्रेन गाळाने आणि गवताने बुजला असणार, त्यामुळे पाणी नाल्याला न जाता जागच्या जागी मुरतंय. पण वरची ओल, माथ्यापासून तीन मीटर खाली, तिथे पाणी दिसायचं काहीच कारण नाही. तिथे मला शंका आहे.

आता माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. पाणी नितळ आहे की गढूळ? काचेच्या बाटलीत दोन्ही जागचं पाणी वेगवेगळं भरा, रात्रभर हलवू नका, सकाळी तळाला काय बसलंय ते बघा. नितळ पाणी म्हणजे नुसतं पाणी येतंय, गढूळ म्हणजे भराव येतोय. दुसरं, वाढतंय का? खाली जिथे धार एकत्र होते तिथे बादली धरा आणि मोबाईलवर सेकंद मोजा, रोज एकाच वेळेला, वहीत लिहा, सोबत तलावाची पातळी पण. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही, आठ दिवसांच्या आकड्यांना आहे. तिसरं, माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा, कुठे खचलंय का, लांब भेग आहे का, खड्डा पडलाय का. आतल्या बाजूला पाण्यात कुठे भोवरा फिरताना दिसतो का. चौथं, विमोचकाच्या, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या गेटच्या, मोरीच्या आसपास कोरडं आहे का? भरावात माती आणि दगडी किंवा काँक्रीटचं काम जिथे एकमेकाला चिकटतं तीच सगळ्यात कच्ची जागा. पानशेतला १२ जुलै १९६१ ला हेच झालं, धरण नवं, मोरीचं काम पुरतं झालेलं नव्हतं, पाणी मात्र चढत गेलं, मोरीच्या वरचा भराव खचत खचत गेला आणि धरण फुटलं. त्याच्या पाण्याने खालचं खडकवासल्याचं दगडी धरणही गेलं आणि पुढे पुणं बुडालं.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही कंसात लिहिलंय म्हणून शेवटी राहिलं. त्या गोण्या. तुम्ही चांगलं काम म्हणताय, मला तेच वाचून घाम फुटला. मातीचं धरण पाझरून जितकं मरतं तितकंच माथ्यावरून पाणी गेल्याने मरतं. दगडी भिंतीवरून पाणी गेलं तर ती कदाचित टिकेल, मातीच्या भरावावरून एकदा पाणी वाहायला लागलं की तासादोनतासाचा खेळ. सांडवा हाच त्याचा जीव वाचवणारा दरवाजा आणि तुम्ही त्याला दीड फूट उंबरा घातलाय. गुजरातमधल्या मोरबीचं मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ ला असंच गेलं, पूर सांडव्याच्या कुवतीबाहेर आला, पाणी दोन्ही बाजूंच्या मातीच्या भरावावरून चढलं आणि खाली अख्खं शहर होतं. सांडव्यावर मासेवाल्याची जाळी पण आहे का हो? बहुतेक असतेच.

खेकडा_निर्दोष
मी चिपळूण तालुक्यातला. नावावरून कळलंच असेल 🙂

तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या वर माणसं गेली. ते धरण काही इंग्रजांच्या काळातलं नव्हतं, वीस वर्षांच्या आसपासचं. गळतीच्या तक्रारी लोकांनी आधी केल्या होत्या. नंतर खापर कुणावर फुटलं तर खेकड्यांवर, तेव्हाच्या मंत्र्यांनी तसं बोलून दाखवलं आणि लोक खेकडे घेऊन पोलीस स्टेशनला गेले. हसायला येतं पण त्या वाडीतल्या लोकांना ओळखणाऱ्याला हसू येत नाही.

खेकडे, घुशी, साळिंदर भराव पोखरतात हे खरंच आहे, नाही असं नाही. पण बिळ काय एका रात्रीत होत नाही ना, बिळ दिसलं की बुजवायचं हे कुणाचं तरी काम असतं. दादा तू ऑफिसच्या फोनची वाट बघत बसू नकोस. पावसाचा जोर वाढला तर पोरंबाळं आणि म्हाताऱ्यांना आधी वर हलव, नंतर लोक हसले तर हसू देत. आणि जिल्ह्याचा आपत्तीचा नंबर १०७७, तो सेव्ह करून ठेव, नुसता तू नाही, नाल्याकाठच्या सगळ्या घरांनी.

झाडीपट्टीवाला
मी भंडाऱ्याकडचा जी. आमच्याकडं भरावाला पाळ म्हणतेत. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, आमच्या चार जिल्ह्यांत गल्लोगल्ली, कोहळी लोकांनी बांधले, कितीतरी तलाव शेकडो वर्षांचे अन् अजून धान पिकवून राहिले. इंजिनिअर नव्हता काही नव्हता. टिकले कावून, तर पाळीवर माणूस फिरत होता. पाणी लागलं की गावातला माणूस कंदील घेऊन रात्री पाळीवर चक्कर मारे, माझा आजा जात होता. आता तलाव सरकारचा झाला तं लोक म्हणतेत सरकार पाहील, अन् सरकार म्हणते कोणता तलाव.

बाभळीचं एक सांगतो. घाईघाईनं ती बाभूळ आता तोडू नका बरं. झाड मेलं की मुळं सडतेत अन् मुळांच्या जागी पाईपासारखी पोकळी राहते. लहान झुडपं, टणटणी, वेडी बाभूळ काढून टाका, बोटाएवढी असतानाच काढायची असतात ती. मोठ्या झाडाचं उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मुळासकट खोदून, थर देऊन दाबून. पाळीवर गवत चांगलं, झाड नाही.

सेक्शनवाला
झाडीपट्टीवाले अगदी बरोबर बोलले. आमच्याकडेही भरावावर चौकीदार असायचा, पावसाळ्यात काठी आणि बॅटरी. ती पोस्ट भरणं बंद झालं आणि आता एका सेक्शनकडे इतके तलाव की पोरगा मोटरसायकलवर महिन्यातून एकदा गेला तरी खूप. मी कुणाची बाजू घेत नाही, पण ऑफिसात बसलेला प्रत्येक जण कामचोर नसतो एवढंच.

बालाघाटी, बाटल्यांचं काय झालं?

बालाघाटी
काका नमस्कार. बाटल्या भरल्या होत्या, बिसलेरीच्याच भरल्या, काचेची नव्हती.

खालच्या पाण्याच्या बाटलीत काय नाही, स्वच्छ, पिण्यासारखं. बादलीला धार धरली, १५ लिटरची बादली ३८ सेकंदात भरली. माथ्यावरून चालत गेलो, खचलं-बिचलं नाही, भेग नाही, दोन बिळं सापडली साळिंदराची असावीत, काटे पडले होते. मोरीजवळ कोरडं हाये. जाळी हाये काका, तुम्ही बरोबर ओळखलं, मासे ठेकेदाराची, त्याला पालापाचोळा अन् एक मेलेलं कुत्रं अडकलेलं.

वरच्या ओलीच्या बाटलीत सकाळी तळाला बोटाच्या पेराएवढा गाळ बसला होता, तांबूस, मुरमाच्या रंगाचा.

आता एक सांगायचं राहिलं होतं, खरं म्हणजे मुद्दाम नव्हतं सांगितलं. ती बाभूळ जिथं हाये तिथून आमची पाईपलाईन गेलीय. २००९ ला वडलांनी अन् चुलत्यानी जेसीबीनं रात्रीतून भराव आडवा खोदून तीन इंची पाईप टाकला होता, पुरुषभर खोल. नंतर माती लोटून दिली, वरून जेसीबीच्या बकेटनं थापटलं, एवढंच. आमचं तीन एकर मोसंबीचं त्याच्यावरच हाये. आमचाच एकट्याचा नाही, अजून दोघांचे हायेत, पण ओल आमच्याच पाईपावर हाये. काल रात्री वडलांना विचारलं तर ते पाठ करून झोपले.

वावर_बांध
लगा आधीच सांगायचं ना हे 🤦 मी आपला झोपा म्हणून बसलो.

सेक्शनवाला
लाजू नका. असे पाईप नसलेला तलाव मला दाखवा, मी बक्षीस देतो. आणि तुम्ही इथे लिहिलंत, बाकीचे दोघं लिहिणार नाहीत.

आता काय झालंय ते कागदावर मांडून बघू. अशा तलावाला पूर्ण भरल्यावर माथा साधारण दोन मीटर वर मोकळा ठेवलेला असतो. तुमचा चर पुरुषभर खोल म्हणजे माथ्यापासून १.७० मीटर धरू. म्हणजे तलाव भरून सांडव्यावरून वीतभर पाणी गेलं तरी पातळी तुमच्या पाईपाच्या खालीच राहत होती, म्हणून २००९ पासून काही दिसलं नाही. यंदा दीड फुटाच्या गोण्या, म्हणजे ४५ सेंटीमीटर, वर जाळीने अडवलेलं वेगळं. पाणी पहिल्यांदाच तुमच्या चरात शिरलंय. न दाबलेली माती, त्यात गुळगुळीत प्लास्टिकचा पाईप, पाण्याला याच्यापेक्षा सोपा रस्ता कुठला? पाईपाच्या अंगाअंगाने येतंय आणि येताना मुरूम घेऊन येतंय. हे असंच चालू राहिलं तर आतली पोकळी मोठी होत जाते, ती बाहेरून दिसत नाही, दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

चांगली बातमी ही की याचा उपाय तुमच्या हातात आहे आणि फुकट आहे. आधी जाळी, मग गोण्या. जाळी आजच काढा, ठेकेदार ओरडला तर ओरडू दे. गोण्या एकदम नाही, खाली नाल्यात माणूस-जनावर नाही बघून, नाल्याकाठच्यांना सांगून, वरचा थर पूर्ण काढा, पाणी जरा बसू द्या, मग खालचा. वाहत्या पाण्यात उभं राहून कुणी ओढाओढ करायची नाही, कमरेला दोर पाहिजे. विमोचकाचं गेट चालत असेल तर तेही थोडं उघडा. पण तलाव झटक्यात रिकामा करायला जाऊ नका, आतला उतार पाणी प्यालेला असतो, बाहेरचा पाण्याचा आधार पटकन काढला की तो घसरतो. आम्ही एरवी दिवसाला फूटभराच्या वर घाई करत नसू. भराव खचायलाच लागला तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी माणसं हलवायची.

पाईप आता उपसायचा नाही. बिलकुल नाही. ओलीच्या तोंडावर जाडी वाळू टाका वीतभर, धुतलेली, माती नसलेली, तिच्यावर बारीक खडी वीतभर, वर मूठ-दोन मुठीचे दगड. याने पाणी जाईल पण माती अडेल. लोकांना पाणी अडवायची सवय, इथे माती अडवायची आहे.

सरपंचीणबाई
मी सरपंच होते पाच वर्षं, आता नाही. ऑफिसचं सांगते कारण ह्याच्यात माझ्या चपला झिजल्यात. आमच्या तलावाला पहिल्या ऑफिसात म्हणले हा आमच्याकडं नाही, दुसरीकडं म्हणले हस्तांतरण झालं नाही, तिसरीकडं म्हणले नोंदवहीत नाव सापडत नाही. तलाव कुणाचा हे ठरवायला अकरा महिने. त्यामुळं आधी हे बघा की तुमचा तलाव जलसंपदाचा, मृद व जलसंधारणचा की जिल्हा परिषदेचा. साधारण १०० हेक्टरपर्यंत भिजणारा असेल तर जिल्हा परिषद लघु पाटबंधारे, त्याच्यावर जलसंधारण, मोठा असेल तर जलसंपदा. माहीत नसेल तर एकच अर्ज तिघांना अन् प्रत तहसीलदाराला, पोच घ्यायची शिक्क्याची. फोनला काय पुरावा नसतो.

अर्जात तलाव गळतोय असं मोघम लिहू नका, असले अर्ज ढिगानं असतात. बाटलीचा फोटो, बादलीचे सेकंद, तारीख, भरावाच्या कुठल्या टोकापासून किती पावलांवर, असं लिहा. आमचा अर्ज असा लिहिल्यावर चौथ्या दिवशी जीप आली.

सेक्शनवाला
बाईंनी लाखातलं सांगितलं. त्यात एक भर. धरण सुरक्षेचा केंद्राचा कायदा २०२१ चा आहे. पायापासून १५ मीटरच्या वरचं कुठलंही धरण त्यात येतं, आणि १० ते १५ मधलंही येतं जर साठा १० लाख घनमीटर किंवा जास्त असेल. तुमचे ४५ दलघफू म्हणजे पावणेतेरा लाख घनमीटरच्या आसपास. म्हणजे गंजलेल्या पाटीवरचा आकडा खरा असेल तर तुमचा तलाव कायद्यात बसतो आणि मालक खात्याला पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक तपासणी करावीच लागते. अर्जात लिहा, पावसाळ्यापूर्व तपासणीचा अहवाल मिळावा. हे वाक्य वाचलं की फाईल हलते. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे, एक प्रत तिकडेही टाका.

खेकडा_निर्दोष
काका हे आम्हाला २०१८ ला कुणी सांगितलं असतं तर.

बालाघाटी
मंडळी सहा दिवसांनी येतोय, रेंज नव्हती अन् कामं पण लागली.

जाळी त्याच दिवशी काढली, ठेकेदारानं शिव्या दिल्या. गोण्या काढायला पोरं तयार नव्हती, ज्यांनी रचल्या तीच म्हणायची उन्हाळ्यात टँकर तू आणणार का. मग मी बाटली ग्रामपंचायतीसमोर पारावर नेऊन ठेवली अन् आमच्या पाईपाचं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. शांत झाले. बाकी दोन पाईपवाल्यांपैकी एक जण उठून गेला, दुसरा गोण्या काढायला सगळ्यात पुढं होता. दोन दिवस लागले काढायला, कमरेला दोर बांधून.

तिसऱ्या दिवशी वरची ओल थांबली. वाळू-खडी-दगड टाकलंय, आता नुसतं दमट हाये, पाणी नाही. खालची बादली ३८ वरून ४४, आज ५१ सेकंद, पाणी स्वच्छच. टो ड्रेन आम्ही फावड्यानं मोकळा केला, ऐंशी-नव्वद फूट, आतून प्लास्टिकच्या पिशव्या अन् दारूच्या बाटल्या निघाल्या, आता पाणी सरळ नाल्याला जातंय. अर्ज तिन्हीकडं दिला, पोच घेतली. काल एक साहेब येऊन भराव चालून गेले, चांगले होते, म्हणले उन्हाळ्यात तिन्ही पाईप काढावे लागतील. वडील तिथंच उभे होते. काही बोलले नाहीत, संध्याकाळी मोटारीच्या पेटीतले फ्यूज काढून आणून देवळीत ठेवले.

काका, मोसंबीला पाणी कसं न्यायचं ते आमचं आम्ही बघतो, भरावाला वळसा घालून सांडव्याच्या पलीकडून नेता येईल असं वाटतं, चारशे फूट पाईप जास्त लागंल. पण उन्हाळ्यात चर कसा भरायचा? अन् साळिंदराची बिळं आता बुजवू का?

सेक्शनवाला
चर उभ्या कडांचा ठेवायचा नाही, दोन्ही बाजूंना उतार काढायचा म्हणजे नवी माती जुनीला धरते. गाभ्याच्या जागी काळी, बाहेर मुरूम, जशी होती तशीच. सहा-सहा इंचाचा थर, ओल अशी की मूठ आवळली तर लाडू व्हावा पण हाताला पाणी सुटू नये, आणि प्रत्येक थर नीट ठोकायचा, जेसीबीच्या बकेटने थापटणं म्हणजे ठोकणं नव्हे. खात्याचा माणूस उभा असल्याशिवाय सुरू करू नका.

बिळं आत्ता बुजवा, पण आधी रात्री तोंडाशी पीठ भुरभुरून सकाळी पावलं बघा. आत जनावर असताना बुजवलं तर ते दुसरीकडून उकरून बाहेर येतं, आणि मग तुम्हाला दोनाची चार बिळं मिळतात.

झाडीपट्टीवाला
पीठ नाही तं राख चालते जी, पीठ उंदरं खाऊन टाकतेत.